न मागितलेली वृक्षतोड परवानगी रद्द करण्याबाबत

दिनांक : १८ मे २०२६

प्रति,
मा. कक्षाधिकारी,
वृक्ष परवाना कक्ष, उत्तर विभाग.

अर्जदार : श्रीमती भिमाबाई सखाराम ओव्हाळ,
अध्यक्ष, साधी राहणी व निसर्ग मंडळ (नोंदणीकृत), तळवडे.

विषय : आम्ही न मागितलेली ३७ झाडे तोडण्याची परवानगी रद्द करणे, तसेच आमच्याकडे कधीही नसलेल्या ८ झाडांचा खुलासा.

संदर्भ : १) आमचा अर्ज दि. २ मार्च (मागची बाजू)
२) आपली परवानगी दि. २७ मार्च
३) आपली कारणे दाखवा नोटीस दि. २४ एप्रिल

महोदय,

१. आमचे मंडळ तळवडे येथे ओढ्याकाठच्या दीड एकर सरकारी जागेत अकरा वर्षांपासून काम करते. ही जागा पूर्वी कंपन्यांचा राडारोडा टाकण्याची होती. आता तिथे करंज, उंबर, बहावा, जांभूळ आणि कडुनिंब मिळून एकोणतीस झाडे आहेत. त्यांच्या सावलीत रोपवाटिका आहे. ती सौ. सुभद्राबाई पाहतात. मी अध्यक्ष आहे. श्री. बबनराव सचिव आहेत. ते चाकणच्या एका कंपनीच्या स्टोअरमधून निवृत्त झाले.

२. मंडळाचा नियम क्रमांक चार असा आहे की, एका बाजूने कोरा असलेला कागद टाकून द्यायचा नाही. बबनराव निवृत्त होताना सत्काराची शाल नको म्हणाले आणि स्टोअरमधील रद्दीचे पाठकोरे कागद घेऊन आले. आठ गोण्या भरल्या. मंडळाचा सर्व पत्रव्यवहार त्या कागदांच्या कोऱ्या बाजूवर होतो. पाकिटेसुद्धा जुनी उलटून चिकटवलेली असतात. आजपर्यंत यात काही अडचण आली नव्हती, कारण आजपर्यंत आम्हाला कोणत्याही कार्यालयाकडून उत्तर आले नव्हते.

३. दि. २ मार्च रोजी आम्ही आपल्याकडे अर्ज केला. उन्हाळ्यात रोपांसाठी आठवड्याला एक टँकर प्रक्रिया केलेले पाणी मिळावे, एवढीच मागणी होती. त्या कागदाच्या दुसऱ्या बाजूस कोणत्या तरी कारखान्याच्या अर्जाचा टाकून दिलेला कच्चा खर्डा छापलेला होता. नवीन शेडसाठी आवारातील ३७ झाडे तोडण्याची परवानगी मिळावी, असा त्यातील मजकूर होता. अर्जदाराचे नाव लिहायची जागा रिकामी होती. आपल्या आवक टेबलावर शिक्का त्या बाजूला बसला आणि रिकाम्या जागी पाकिटावरचे आमच्या मंडळाचे नाव भरले गेले. छापील बाजू खरी आणि हाताने लिहिलेली खोटी, असा समज कोणाचाही होईल. त्याबद्दल आमची तक्रार नाही.

४. पंचवीस दिवसांत परवानगी आली. एवढ्या लवकर काम झाल्याबद्दल मंडळाने आपल्या कक्षाच्या अभिनंदनाचा ठराव केला होता. पाकीट त्यानंतर उघडले.

५. परवानगीतील अट क्रमांक सहानुसार, तोडलेल्या प्रत्येक झाडामागे तीन रोपे मान्यताप्राप्त रोपवाटिकेतून घेऊन लावायची आहेत. सोबतच्या यादीत उत्तर विभागात एकच मान्यताप्राप्त रोपवाटिका आहे. ती आमची आहे. ती ज्या झाडांच्या सावलीत आहे तीच झाडे तोडायची आहेत. सावली गेल्यावर मे महिन्यात रोपे किती दिवस राहतील, असे मी सुभद्राबाईंना विचारले. त्या पाणी घालायला गेल्या.

६. दि. ६ एप्रिल रोजी आम्ही हा सर्व प्रकार कळवणारे खुलाशाचे पत्र दिले. येथे चूक आमची आहे, हे प्रामाणिकपणे मान्य करते. बबनरावांनी तेही पाठकोऱ्या कागदावर लिहिले. त्या कागदाच्या छापील बाजूस कंपनीतील सुरक्षा सप्ताहाच्या घोषवाक्य स्पर्धेचा प्रवेश अर्ज होता. आपल्या कक्षाने तो आपल्याशी संबंधित नसल्याचे कळवून योग्य त्या कार्यालयाकडे पाठवला. दि. ४ मे रोजी तेथून मंडळाच्या नावे उत्तेजनार्थ बक्षिसाचे प्रमाणपत्र आले. ते आम्ही मुकाट्याने ठेवून घेतले आहे. त्याची मागची बाजू कोरी आहे.

७. दरम्यान दि. १५ एप्रिल रोजी आपले सर्वेक्षक येऊन झाडे मोजून गेले. ती एकोणतीस भरली. त्यांनी तीन वेळा मोजली, आम्ही चहा दिला, मग चौथ्यांदा मोजली. त्यानंतर आम्हाला नोटीस आली की, परवानगी ३७ झाडांची असताना ८ झाडे जागेवर आढळत नाहीत, म्हणजे ती मुदतीपूर्वी व ठेकेदाराविना तोडली, तरी आपणावर कारवाई का करू नये.

८. या नोटिशीबाबत मी स्वतः आपल्या कार्यालयात तीन वेळा आले. आपण दोन वेळा दौऱ्यावर व एकदा बैठकीत होता. टेबलावरील लिपिक भले गृहस्थ आहेत. त्यांनी मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मावशी, तुमची आठ झाडं नव्हतीच हे मला पटतंय, पण फाइलला कसं पटणार? असं करा, आठ झाडं लावा, ती तोडा, आणि सदतीसचा पूर्णत्व अहवाल द्या. प्रकरण क्लोज." परवानगीत प्रत्येक झाडाचा घेर दोन फुटांच्या वर लिहिला आहे. तेवढा घेर व्हायला आमच्या मुरमाड जमिनीत दहा-बारा वर्षे लागतात. पूर्णत्व अहवालाची मुदत ३१ मे आहे. हे मी त्यांना सांगितले. त्यांनी विचार करून मुदतवाढीचा नमुना दिला. त्यात जास्तीत जास्त मुदतवाढ पंधरा दिवसांची आहे.

९. झाडे तोडायचीच नसतील तर परवानगी आपोआप संपेल काय, असेही मी विचारले. न वापरलेली परवानगी हा अटीचा भंग असून, अशा संस्थेकडून जागा परत घेता येते, असे कळले. म्हणजे झाडे तोडली तर जागा राहते आणि झाडे राखली तर जागा जाते. जागा झाडांसाठी दिली होती.

१०. दि. १० मे रोजी मंडळाची तातडीची सभा झाली. यापुढे आपल्या कक्षाशी पत्रव्यवहार दोन्ही बाजूंनी कोऱ्या असलेल्या नव्या कागदावर करावा, असा ठराव नऊ विरुद्ध एक मतांनी मंजूर झाला. विरोधी मत बबनरावांचे होते. ते म्हणाले, "आज कागदाला सूट दिली, उद्या प्लास्टिकच्या कपाला द्याल." त्यांचे म्हणणे इतिवृत्तात घेतले आहे. प्रस्तुत अर्ज त्या ठरावानुसार नव्या कागदावर आहे. मागील बाजू वाया गेल्याबद्दल मंडळ खेद व्यक्त करते.

११. तरी विनंती अशी की, (अ) दि. २७ मार्चची परवानगी रद्द व्हावी. (आ) ८ झाडांची नोटीस मागे घ्यावी, कारण जे झाड उगवलेच नाही त्याचा हिशोब कोणत्याही मंडळास देता येणार नाही. (इ) टँकरच्या अर्जाचा विचार व्हावा. रोपे चौदाशे आहेत आणि विहिरीला तळ दिसतो आहे.

१२. हा अर्ज आजच दाखल करण्याचे कारण असे. परवा शनिवारी आपण नेमलेले ठेकेदार श्री. नवनाथ हे जागा पाहण्यास आले. गुरुवारी, दि. २१ मे रोजी सकाळी आठ वाजता मशीन आणि माणसे आणतो म्हणाले. मी अडचण सांगितली. ते उंबराखाली बसून पाणी प्याले आणि म्हणाले, "आज्जी, लोक एका फांदीच्या परवानगीला वर्ष-वर्ष चपला झिजवतात. तुमाला सदतीस झाडांची मिळालीय, आन तुमी रडताय व्हय?" मी रडत नव्हते. मग त्यांनी झाडांची ताबा पावती पुढे केली आणि सही मागितली. मी चष्मा शोधू लागले, तेव्हा ते म्हणाले, "सही येत नसंल तर अंगठा द्या, चालतंय."

१३. अंगठा मी पूर्वी एकदा दिला आहे. सासऱ्यांच्या वाट्याची सव्वा एकर जमीन त्या अंगठ्याने गेली. कागदात काय लिहिले होते, ते मला सहा वर्षांनी दुसऱ्याकडून कळले. त्यानंतर वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी मी साक्षरता वर्गात नाव घातले. मला वाचायला वेळ लागतो. श्री. नवनाथ यांना पाऊण तास थांबावे लागले, त्याबद्दल दिलगीर आहे. पावतीच्या शेवटी बारीक अक्षरात छापले आहे की, संस्थेच्या अध्यक्षांच्या सहीशिवाय तोड सुरू करू नये. ही ओळ श्री. नवनाथ यांनाही माहीत नव्हती. मी ती त्यांना बोट ठेवून वाचून दाखवली.

१४. पावती सहीशिवाय माझ्याकडे आहे. परवानगी रद्द झाल्याचे आपले पत्र येईपर्यंत ती तशीच राहील. माझे वय एकाहत्तर असून प्रकृती उत्तम आहे.

सोबत : परवानगी व नोटिशीची छायाप्रत; सर्वेक्षकांनी सही केलेला २९ झाडांचा तक्ता; मंडळाचा ठराव.

आपल्या लेखी उत्तराच्या प्रतीक्षेत,

(सही)
भिमाबाई सखाराम ओव्हाळ
अध्यक्ष