चौथी फेरी कुणी घालवली?

तुतुइला,
एप्रिलचा शेवटचा रविवार, संध्याकाळ

प्रिय तेलेसियाताई,

घरातल्या सगळ्यांकडून तुला भरभरून प्रेम. देवाच्या कृपेने इथे सगळे खुशाल आहेत, फक्त घसे बसलेत. तुझ्या भावजयीचा, फुआतिनोचा, तर आवाजच गेलाय, त्यामुळे घरात सध्या बरीच शांतता आहे. (हे वाक्य तिला फोनवर वाचून दाखवू नकोस.) कालपासून आपल्या अंगणात निम्मं गाव जेवतंय. फणसाच्या फोडी आणि नारळाच्या दुधातली अळूची पानं रांधून रांधून मुलांच्या हातांना धुराचा वास लागलाय.

पत्र लिहितोय याला कारण तूच. फोनवर मी भाषण करतो असं तुझं म्हणणं. कागदावरचं भाषण निदान घडी घालून ठेवता येतं. तर घे.

पाती लागला, ताई! तुझा, माझ्याकडे वाढलेला अलापाती अमेरिकेच्या मोठ्या फुटबॉलमध्ये गेला! तुला हे कालच कळलंय, पण मला पुन्हा लिहू दे, हात थांबत नाही. फक्त एक विनंती. टकोमातल्या तुझ्या इस्पितळातल्या मैत्रिणींना तू म्हणे ‘पाचव्या फेरीत नंबर लागला’ असं सांगितलंस, जशी काही सोडत फुटली. सोडत नव्हे गं. सात फेऱ्या असतात. प्रत्येक फेरीत एकेक संघ पुढे येतो आणि देशभरातल्या कॉलेजांतून एकेक मुलगा उचलतो. पहिल्या फेरीतली मुलं नवे कोट घालून मंचावर चढतात, आया रडतात, कॅमेरे धावतात. तिथे नावं उचलली जातात. सातव्या फेरीत नशीब उचललं जातं. आणि मधल्या फेऱ्यांत, मैत्रिणींना ठणकावून सांग, मधल्या फेऱ्यांत कामाची माणसं उचलली जातात. त्यांच्यासाठी कुणी कोट शिवत नाही. पण डिसेंबरात चिखल झाला आणि कोटवाल्यांचे गुडघे दुखायला लागले, की मैदानात हीच पोरं उभी असतात. आपला पाती तर गार्ड, पुढच्या फळीतला. त्याच्या हातात कधी चेंडू आलाच तर काहीतरी चुकलंय असं समजायचं. मागच्या गड्याकडे चेंडू असतो आणि याने येणाऱ्याला छातीवर घ्यायचं. सगळा जन्म दुसऱ्यासाठी वाट मोकळी करण्यात. याहून सामोअन काम दुसरं कुठलं?

आता नीट सांगतो.

फेब्रुवारीअखेर त्याला इंडियानापोलिसला बोलावलं होतं, ते तुला ठाऊक आहे. तिथे सगळ्या संघांची माणसं मुलांना पळवतात, उड्या मारायला लावतात, वजनं उचलायला लावतात. दंड मोजले, पंजे मोजले, या बोटापासून त्या बोटापर्यंत पसरलेले हात मोजले. बाजारात सुरण घेतानासुद्धा माणूस एवढं उलटंपालटं करून बघत नाही! तिथवर पाती पहिल्या दहांत. मग खोलीत बसवून विचारलं, “तुझ्या जागेवर खेळणाऱ्यांत सगळ्यांत चांगला कोण?”

तो काय बोलला असेल, तू आई आहेस, तुला सांगायला नको. त्याने तीन दुसऱ्या मुलांची नावं घेतली. एकाचे पाय किती चपळ आहेत, त्याची वर स्तुतीही केली. आणि हे सगळं जमिनीकडे बघत, कारण समोर वयाने मोठी माणसं बसली होती. त्यांनी कागदावर लिहिलं, ‘नजरेला नजर देत नाही. काहीतरी लपवतो.’

हे त्याच्या एजंटने, डग विटकोम्बने सांगितलं तेव्हा मी इतका संतापलो, की शाळेत इतिहासाच्या तासाला साम्राज्यांच्या ऱ्हासाचा धडा बाजूला ठेवून याच विषयावर बोललो. मोठ्यांसमोर मान खाली घालणं म्हणजे लपवणं? मग आपली सगळी बेटं चोरांचीच! शंभर पट्ट्या आणल्यात त्यांनी, पण मान किती अदबीने वाकते हे मोजायची पट्टी एकाकडेही नाही. हे माझं मत होतं, आजही आहे, आणि मरेपर्यंत राहील.

पण त्या एका ओळीने तो दुसऱ्या फेरीतून खाली घसरला. डग म्हणाला, “चौथी नक्की. तळ्याकाठचा संघ त्याच्यावर टपून बसलाय. मात्र चौथी हुकली तर माझ्या हातात काही नाही.” पातीने तर मनाशी ठरवून टाकलं होतं, की कुणीच घेतलं नाही तर इथेच मासळीच्या कारखान्यात लागायचं. मला बोलला नव्हता. फुआतिनोला बोलला होता.

शनिवारी पहाटेच आपल्या घरात गाव जमलं. खांबांना टेकून सगळी वडीलधारी मंडळी मांडी घालून बसली होती, गावचे थोरले प्रमुख, म्हातारे तौमुआ, मधल्या खांबाशी. टीव्ही मधोमध. पाती दारापाशी बसला होता, फोन समोर चटईवर, जणू फोनच पाहुणा. चौथी फेरी सुरू झाली. एक नाव, दुसरं नाव. फुआतिनो प्रत्येक नावाला “नको, नको, याला घेऊ नका, आमचा घ्या,” असं टीव्हीला समजावत होती. तौमुआ म्हणाले, “सूनबाई, त्यांना ऐकू जात नाही.” ती म्हणाली, “तुम्हालाही जात नाही, तरी आम्ही बोलतोच ना!”

आणि फोन वाजला.

इथे मला कबूल करायचंय. काल तू विचारलंस, “चौथीत घेणार होते ना? मग काय झालं?” मी म्हणालो, लाइन खराब होती. ताई, लाइन इतकी स्वच्छ होती, की पलीकडचा माणूस पेन टिचकावत होता तेही ऐकू येत होतं.

तळ्याकाठच्या संघाचा मुख्य प्रशिक्षक होता. (संघाचं नाव लिहीत नाही. फुआतिनो ते घरात घेऊ देत नाही.) तो म्हणाला, “पोरा, आता आमचाच नंबर आहे. तू कोण आहेस, तुला का घ्यावं, थोडक्यात सांग.”

पातीने तोंड उघडलं आणि मिटलं. भोवती सगळे वडीलधारे, आणि याने स्वतःची थोरवी स्वतः गायची? त्याने माझ्याकडे बघितलं. तुलाही ठाऊक आहे, आपल्यात मोठ्या माणसाने स्वतःबद्दल बोलायचं नसतं. त्याच्यासाठी बोलायला वक्ता असतो, आणि या गावाचा वक्ता मी आहे. वाकून तो माझ्यापर्यंत आला. “मामा, तुम्ही बोला.”

मी फोन दोन्ही हातांनी घेतला.

काय बोललो म्हणून सांगू! आधी त्यांच्या संघाच्या मालकांना मान दिला, मग प्रशिक्षकांना, मग त्यांच्या तळ्याला. मग आपल्या गावाची बिरुदं, मग आपल्या आजोबांचे आजोबा ज्या होडीतून आले ती होडी. माझा आवाज लागला होता, ताई. म्हातारे माना डोलवत होते. पलीकडून तो म्हणत होता, “सर... सर, घड्याळ चालू आहे...” मी म्हणालो, “घाई करू नका, साहेब. मी आत्ता कुठे तुमच्या पूर्वजांना वंदन करतोय.”

“अहो!” फुआतिनो किंचाळली. “अहो, त्यांनी दुसरा उचलला!”

मी पणजोबांपर्यंत पोचलो होतो. टीव्हीवर नाव झळकत होतं. कुणाचं, सांगू? त्याच चपळ पायांच्या मुलाचं.

फोन कधीच बंद झाला होता. मग डगचा फोन आला. “कोण बोलत होतं तिकडे? त्यांना वाटलं बाप्तिस्मा चाललाय! इओआने, हात जोडतो, पुढचा फोन आलाच तर पोरानेच घ्यायचा.”

आलाच तर. तो शब्द माझ्या छातीत बसला. चौथी फेरी संपली. पातीने माझ्यासमोर कोकोचा पेला आणून ठेवला आणि दारापाशी जाऊन बसला. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. मला तुझं नाताळातलं वाक्य आठवत होतं, ज्यानंतर आपण एवढे महिने धड बोललो नाही: “इओआने, तू माझ्या मुलाला तोंड उघडायला शिकवलं नाहीस, आपलं तोंड उसनं दिलंस.” तेव्हा मी तुला पलटून बरंच सुनावलं होतं. शनिवारी, त्या पेल्यासमोर, तेच वाक्य मी स्वतःला दोनदा म्हणून बघितलं.

पाचवी सुरू झाली. पुन्हा फोन.

आणि बघ सवय कशी असते, माझा हात आपोआप पुढे गेला. पाती म्हणाला, “तुलोऊ, मामा. तुम्ही बसा.” माफी मागूनच म्हणाला, पण म्हणाला. आणि उभा राहिला. सगळे थोर बसलेले असताना हा सहा फूट पाच इंचांचा मुलगा ताठ उभा! तौमुआंची भुवई वर गेली. मी डोळे मिटले.

वाळवंटातला संघ होता. तो माणूस बोलायला तिखट. “आमच्या कागदावर आहे, तू नजर चुकवतोस. खरं का?”

पाती म्हणाला, “सर, घरात मोठ्यांसमोर मी मान खाली घालतो, पुढेही घालीन. मैदानावर माझ्यासमोर वडीलधारं कुणी नसतं. माझ्या मागे जो चेंडू घेऊन उभा असेल, त्याच्या अंगाला कुणी हात लावलाच, तर तो मला ओलांडून आलेला असेल. आणि मला ओलांडायला फार वेळ लागतो.”

बस्स. एवढंच. तळं नाही, होडी नाही, पूर्वज नाहीत.

पलीकडे तो माणूस हसला. म्हणाला, “टीव्हीकडे बघ.”

पुढचं मला नीट आठवत नाही. फुआतिनो नाचत होती, तौमुआंची काठी छताच्या तुळईत अडकली होती, रस्त्यावर बसवाल्याने भोंगा दाबून धरला होता, कुणीतरी चर्चची घंटा वाजवायला पळालं आणि पाद्रीबुवा त्याला रागवायला गेले ते स्वतःच दोरी ओढत बसले! मला कुणीतरी मिठी मारली आणि माझे पाय जमिनीवरून सुटले, म्हणजे तो पातीच असणार. पण ताई, मी हसत होतो तरी आतून काहीतरी टोचत होतं. मुलगा जिंकला होता, आणि जिंकण्याआधी त्याने मला खाली बसवलं होतं. मला आनंद किती आणि झोंबलं किती, याचा हिशोब मी अजून लावलेला नाही.

आणि आता आजचं. हे लिहावं की नाही, म्हणून कधीचा धूर आणि भोंगे सांगत बसलो होतो.

चर्चनंतर सगळे प्रमुख जेवायला बसले. पाती तरण्या मुलांबरोबर खालच्या अंगाला, मोठ्यांचे हात धुवायला पाण्याचं भांडं घेऊन. तौमुआंनी घास गिळला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं, “इओआने, ते तळ्याकाठचे पाहुणे अजून फोनवर थांबलेत का? वंशावळ संपली की कळवा हो.”

हशा! मीही हसलो. पण म्हातारा थांबेना. “गंमत राहू द्या. चौथी फेरी गावाची होती. ती कुणी घालवली?” पलीकडून कुणीतरी म्हणालं, दंड हवा, एक डुक्कर आणि मासळीच्या डब्यांची खोकी. आता हशा कमी झाला. सगळे माझ्याकडे बघत होते. राज्यपालांसमोर बोललेला मी, मला एक वाक्य सुचेना. गावाचा वक्ता आहे, ताई. सगळ्यांच्या वतीने बोलतो. माझ्या वतीने कोण बोलणार?

पातीने पाण्याचं भांडं खाली ठेवलं. होता तिथेच मांडी घातली, मान खाली घातली. त्याला प्रमुखाची पदवी नाही, त्या बैठकीत बोलायचा हक्क नाही.

“तुलोऊ,” तो म्हणाला. “फोन मी दिला. बोलायला मला येत होतं, आईने शिकवलं होतं. पण त्या माणसाने विचारलं, तू कोण आहेस? आणि मी कोण आहे हे माझ्यापेक्षा मामांना जास्त ठाऊक आहे. म्हणून दिला. ते एकही शब्द खोटं बोलले नाहीत. दंड असेल तर माझा.”

तौमुआंनी हातातला घास परत ठेवला. मग म्हणाले, “दंड राहू द्या. पण पोरगा थोडक्यात बोलतो. हे कुणाकडून शिकला?”

सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे वळल्या. वाद घालायला मला सबंध आयुष्य मिळालं होतं, आज नको. मी म्हणालो, “माझ्याकडून नाही. माझ्या बहिणीकडून.”

गुरुवारी तो इथून निघतोय. होनोलुलूहून आधी तुझ्याकडे येईल, मग संघाकडे. माना झुकवण्याबद्दलची माझी मतं बदललेली नाहीत, तू आनंदाने लगेच फोन करू नकोस. पण या वेळी त्याच्याबरोबर मी तुला काही निरोप दिलेला नाही. माझं जे काही असेल, ते तोच तुला सांगेल.

तुझा धाकटा भाऊ,
ज्याच्या वतीने आज पहिल्यांदाच दुसरं कुणी बोललं,

इओआने