टी.सी. एकच असते

६ जून २००६

दोन्हीकडे लागलं! सकाळी अमरावतीची यादी कॉलेजच्या बोर्डावर, दुपारी पोस्टमनकाकाच्या हातात हैदराबादचं पाकीट. दारातच फाडलं. एम.एस्सी. बॉटनी, नाव माहंच. तीनदा वाचलं. मायले वाचून दाखवलं तर ती म्हणे, "मराठीत सांग ना वो."

माह्या वर्गातल्या मीनाचं अमरावतीले लागलं, हैदराबादले नाही. फॉर्म तर तिनंच आणले होते, परीक्षाही दोघींनी संगच दिली नागपूरले. मीना म्हणे, "मंग काय, तू चालली." मी म्हटलं, "कोणं सांगतलं?" अम.च्या होस्टेलात एका खोलीत राहायचं हे आमचं दोन वर्षांपासून ठरलेलं आहे. पडद्याचा रंगसुद्धा.

७ जून

दोन्ही पत्रं शेजारी ठेवून पाहिली. हजर व्हायची शेवटची तारीख दोघाईची एकच, ७ जुलै. ओरिजिनल टी.सी., कॉलेज सोडल्याचा दाखला, दोघाईलेही पाहिजे. कॉलेजात जाऊन क्लार्कले विचारलं, दोन देता येतात का. तो हसला. "पोरी, टी.सी. एकच असते. दोन नवरे करते का कोणी?"

हलकट मेला. पण टी.सी. एकच भेटली, हे खरं. प्लास्टिकच्या फाइलीत ठेवली.

बॉटनीचे सर म्हणे, हैद. सोडू नको, तिथं जगभराची पुस्तकं आहेत. मी म्हटलं, सर, तिथं सगळं इंग्रजीत बोलतात. सर म्हणे, मंग? मंग म्हणजे काय मंग! यांचं काय जाते.

११ जून, रविवार

विहारात आज वंदना झाली अन् नंतर तासभर माह्याच विद्यापीठाची वंदना चालली. रेल्वेतून रिटायर झालेले काका म्हणे, टेसनापासून किती लांब आहे ते पाहा, बाकी सगळं झूट. मावशी म्हणे, पोरीची बाब, जवळचं बरं, सणावाराले तरी तोंड दिसन. सुन्या दहावी दोनदा नापास, तो म्हणे, ज्याचं नाव लंबं ते भारी. कोणी म्हणे हैद.ले भात खाऊन खाऊन पोट सुटन. सगळे हसले, मीही हसली. मनात म्हटलं, लोकं असंच ठरवत असतीन काय सगळीकडं? टेसन पाहून, भात पाहून?

बाबा घरी आल्यावर चप्पल काढता काढता म्हणे, "पाहून येऊ."

माय म्हणे, "स्थळ पाह्याले चालले का बाप-लेक?"

"हाव. वरचा कापूस कोणीही दाखवते."

१२ जून

बाबा दारव्ह्याच्या कापूस खरेदी केंद्रावर बावीस वर्षं ग्रेडर होते. लहानपणी मी डबा घेऊन जायची तं पाहात बसायची. कापसानं भरलेल्या बैलबंड्याईची रांग लागलेली. लोकं वर पांढराफेक माल ठेवत आणि खाली भिजलेला, किडका. बाबा वरचा पाहतच नसत. कोपरापर्यंत हात बंडीच्या पोटात घालत, तिथला बोंडभर काढत, दोन आंगठ्याईत धरून ओढत, आणि सांगत, सुपर. नाहीतं कवडी, म्हणजे सगळ्यात हलका. यंत्र नाही, काही नाही. धागा किती मिलिमीटर ते बोटानं सांगत. मले ती जादू वाटे. अजूनही वाटते.

अन् बंडीवाल्याच्या तोंडाकडं कधी पाहात नसत. म्हणत, माणसाचं तोंड पाह्यलं का ग्रेड चुकते.

म्हणून गावात त्यांना लोकं दगड म्हणतात. वामनकाकाच्या बंडीले कवडी म्हटलं, त्याले दोन वर्षं झाली. तेव्हापासून काका आमच्या दारावरून जात नाहीत, वळसा घालून जातात. यंदा तं केंद्रावरून बाबाले बोलावणंच नाही आलं. गावात यंदा काय काय झालं ते इथं लिहीत नाही. पेपरात येते तेवढं पुरे.

१५ जून. अमरावती

सकाळची बस. मीना संग होती. गेटावर मी अन् मीना उभ्या राहून पाहून राह्यलो, बाबा सरळ मागच्या बाजूनं होस्टेलच्या मेसमध्ये! मी पळतच गेली. पाहते तं बाबाचा हात पिठाच्या कोठीत, कोपरापर्यंत.

मेसवाली मावशी लाटणं घेऊन उठली. "अवो बाप्पा, हात काढा! कोण हो तुम्ही?"

"पोरीचा बाप."

"मंग बापानं हात धुऊन यावं ना!"

मीना हसून हसून लोळायची बाकी होती. मले मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाबानं पीठ बोटात चोळलं, वास घेतला, मान हलवली. मावशी आपल्या शेजारच्या दिग्रसची निघाली. मंग काय, दोघाईच्या ओळखी निघाल्या अन् गरम पोळी भेटली आम्हाले.

डिपार्टमेंटच्या मॅडमनं माहं नाव यादीत स्वतःच ओळखलं. "हीच का सुजाता?" म्हणे. बाबा ग्रेडर आहेत समजल्यावर त्यांनी कापसाचा एक धागा काचेवर ठेवला, मायक्रोस्कोपखाली लावला, अन् म्हणे, "बघा दादा."

बाबा वाकले. बराच वेळ वर पाहेचनात. मी म्हटलं दिसून राह्यलं की नाही. मंग हळूच म्हणे, "पीळ आहे याले. आतून पीळ आहे."

बावीस वर्षं बोटात धरलेली वस्तू त्यांनी आज पाह्यली. मी बाबाचा असा चेहरा कधी पाह्यला नवता. देवळात गेलेल्या लोकाईचा असते तसा.

येताना बसमध्ये बाबा मीनाले म्हणे, "सुपर."

मीनानं माहा हात इतका दाबला की बांगडी रुतली.

१७ जून

मंग झालं तं. अम. सुपर. पोळी चांगली, मॅडम चांगल्या, मीना संग, शनिवारी घरी. मले आनंदच झाला पाहिजे.

झाला नाही पूर्ण. काहून, ते समजत नाही.

बाबाले म्हटलं, आता हैद. कायले पाहता, खर्च, धावपळ. बाबा म्हणे, "एक बंडी पाहून दुसरीचा भाव सांगू काय?"

२७ जून. हैदराबाद

यवतमाळ, पांढरकवडा, आदिलाबाद करत पोचलो. बसचं काही लिहीत नाही, कंबर मोडली.

बाप रे. बाप रे बाप. विद्यापीठाच्या आतमध्ये बस चालते! तलाव आहे. दगडावर दगड रचलेले, घराएवढे, कोणीच रचले नाहीत म्हणे, आपोआपच तसे आहेत. आपलं आख्खं दारव्हा यात मावून वावर उरन.

बाबा नेहमीसारखे मागच्या बाजूले गेले. मेस एक नाही, कितीतरी. एकात शिरले तं सगळे तेलुगूत बोलले, बाबाले काही समजलं नाही, त्याइले बाबाचं. बाबा हात धुऊन परत आले. "इथं बंडीच एवढी मोठी का पोट कुठं हेच समजत नाही."

मी लायब्ररीत. इथं खिडकी नाही! आपल्याकडं चिठ्ठी द्या, क्लार्क आत जाईन, नाही म्हणून येईन. इथं आपणच आत जायचं, आपल्याच हातानं काढायचं. मी एका कपाटापाशी उभी राह्यली, नुसत्या शेवाळावर एवढी पुस्तकं. शेवाळावर! हात लावावा की नाही समजेना. मंग लावला. डोळ्यात पाणी आलं, उगीच.

तेवढ्यात एक मुलगी, आसामची होती नंतर समजलं, इंग्रजीत काही बोलली. मी म्हटलं येस. तिनं परत विचारलं. मी परत येस. ती विचारून राह्यली होती का कोणतं पुस्तक शोधतेस. तोंडाले कुलूपच लागलं. ती हसली, वाईट नाही हसली, तरी मले वाटलं आताच्या आता बसमध्ये बसावं अन् मीनाकडं जावं.

२८ जून. तिथंच

आज जे झालं ते नीट लिहून ठेवते.

डिपार्टमेंटमध्ये एक खोली आहे, वाळवलेल्या झाडांची. लोखंडी कपाटं, आत कागदावर चिकटवलेली झाडं, खाली लेबल. सांभाळणारे यादगिरीकाका. बाबा सवयीनं हात पुढं करणार तं ते म्हणे, "हाथ नक्को लगाओ साब."

बाबाले साब म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

बाबा त्यांच्या हिंदीत म्हणे, "कपास है क्या? मैं बाईस साल ग्रेडर था."

यादगिरीकाकानं एक गठ्ठा काढला. पिवळे पडलेले कागद, त्यावर वाळलेली कापसाची पऱ्हाटी. लेबलावर पुसट शाईनं इंग्रजीत. मी वाचलं: बेरार. म्हटलं, "बाबा, बेरार म्हणजे आपलं वऱ्हाड."

बाबा कागदावर वाकले. बारीक बोंड, तीन पाकळ्याचं, पानं अशी चिरलेली. बाबा म्हणे, "हे गावरानी होय. माह्या आज्याच्या वावरात होतं हे."

आता कोणाच्याच वावरात नाही. आता सगळीकडं पाकिटातली सरकी.

आपल्या वावरातलं झाड कोणीतरी इतक्या दूर आणलं, दाबलं, नाव लिहिलं अन् इतकी वर्षं उंदराले वाळवीले लागू दिलं नाही. आम्ही नाही सांभाळलं, यांनी सांभाळलं. माह्या अंगावर काटाच आला. अजूनही लिहिताना येऊन राह्यला.

कागदाच्या कोपऱ्यात एक पुडी होती, झाडावरून गळलेलं त्यात ठेवतात. यादगिरीकाका म्हणे, "ये गिरा हुआ है. ये देखो आप." चिमूटभर कापूस. बाबानं दोन आंगठ्याईत धरला, ओढला. डोळे मिटले. म्हणे, "बाईस मिलिमीटर."

काकानं पट्टी काढली. सतरा.

बाबानं परत ओढला. परत मोजला. सतराच.

मी बाबाले कधी चुकताना पाह्यलं नवतं. एकदाही नाही. यादगिरीकाका घाईघाईनं म्हणे, "होता साब, पुराना माल है." बाबानं पुडी बांधून परत केली, दोन्ही हातानं.

बाहेर दगडावर बसले. बराच वेळ स्वतःची बोटं पाहून राह्यले. "लंब्या धाग्याची सवय लागली याईले. लहानपणी याच कापसात लोळलो मी, अन् ओळखलं नाही."

१ जुलै

घरी. आज मीच विचारलं, "ग्रेड काय?"

बाबा म्हणे, "अमरावती सुपर. त्याची जबाबदारी मी घेतो. हैदराबादचं सांगता नाही येत. माहा हात चुकला तिथं."

"चुकला म्हणजे वाईट?"

"चुकला म्हणजे चुकला. वाईट म्हटलं का मी? माह्या बोटात मावलं नाही ते."

"मंग मी काय करू?"

"ग्रेडर माल विकत असते काय? मालक ठरवते कोणाले द्यायचा. मालक तू."

मायनं भाकर उलटवता उलटवता म्हटलं, "वा! एवढे हिंडून आले अन् हे!" मलेही तसंच वाटलं. राग आला बाबाचा. बावीस वर्षं लोकाईले एका शब्दात सांगतलं, अन् पोटच्या पोरीले सांगता येत नाही.

३ जुलै

मीना येऊन गेली. पडद्याचं कापड घेतलं तिनं, निळंच. मापं घेताना म्हणे, "खिडकी एकच आहे, नाही आलीस तरी कापड वाया नाही जात." अन् रडली. मीही. मंग दोघीनं चिवडा खाल्ला.

४ जुलै

बोअरवर पाण्याले गेली तं वामनकाका समोर. वळसा घालायले जागा नवती. मले म्हणे, "कुठं चालली शिकाले?"

म्हटलं, ठरलं नाही अजून.

"बाप काय म्हणते?"

सांगतलं. काका माह्या पाण्याच्या गुंडाकडं पाहात म्हणे, "तो म्हणन ते खरं असते. माहा कापूस भिजलाच होता त्या साली. कवडीच होता." अन् गेले.

घरी येऊन बाबाले सांगतलं. बाबानं मोरीत जाऊन पाय धुतले. थोड्या वेळानं परत जाऊन परत धुतले.

म्हणजे बाबाच्या 'सुपर'वर आख्खं गाव विश्वास ठेवते, रुसलेलं माणूससुद्धा. अन् माहं मन जाऊन बसते जिथं त्यांचा हात चुकला तिथं. येस येस करत बसली होती मी तिथं, येड्यासारखी. एक वाक्य बोलता आलं नाही. तरी डोळ्यापुढं तीच पुडी येते, तेच शेवाळाचं कपाट. भीती वाटते, खूप वाटते. भीतीच आहे की दुसरं काही, हे कसं ओळखावं?

६ जुलै. दारव्हा, बसस्टँड, सकाळी

पेटी, गादी, फाइल. बाबा संग आले. रस्त्यात एकदाही विचारलं नाही. उद्याची शेवटची तारीख, आज निघालंच पाहिजे.

अम.ची बस फलाटावर लागली आहे. मीना खिडकीतून हात हलवून राह्यली, शेजारी पिशवी ठेवून जागा धरली तिनं. रस्त्याच्या पलीकडं यवतमाळची जीप, तिथून दुपारी हैद.ची गाडी. जीपवाला ओरडून राह्यला, "एक सीट, एक सीट!"

बाबा चहाच्या टपरीवर बसले आहेत, माह्याकडं पाठ करून. मी जाऊन म्हटलं, "बाबा, इकडं पाहा ना जरा."

पाह्यलं नाही. म्हणे, "नाही. माहं तोंड पाहून ठरवशीन."

परत येऊन बाकड्यावर बसली. इथून त्यांचे हात तेवढे दिसतात, मांडीवर. दोन्ही आंगठे कापूस ओढून राह्यले. हातात काहीच नाही.

कंडक्टरनं घंटी दिली. टी.सी. माह्या हातात आहे. उठते आता.