गोळीनं रत्ना मुकी झाली नाय

रत्नाच्या बाबांना ठाण्याहून शालनचा जय भीम.

फोनवर तुमी मला बोलू देत नाय, म्हणून लिवते. गोळ्या खाऊन पोरगी मुकी होईल, म्हणून तुमी पावसाळाभर अडून बसलात. आता ऐका.

डॉक्टरबाईंनी गोळी सुरू केली. त्या म्हणाल्या, हे एडीएचडी हाय, मन एका जागी टिकत नाय असा आजार, पोर लाडानं बिघडलेली नाय. काल माझ्या ताईबरोबर इथल्या विहारात गेलो. आपल्या खर्डीच्या विहारात रत्ना मेणबत्त्या फुंकत फिरायची, आठवतं ना? काल आख्खी वंदना हात जोडून बसली. संपल्यावर भंतेजींना विचारते, "तुमी डोळे मिटून झोपता का वो?" भंतेजींना हसू आवरेना. आता सांगा, मुकी झाली का?

गोळीमुळं दुपारचं मात्र नीट जेवत नाय. म्हणून सकाळी आधी पोटभर भाकरी, मंग गोळी. वजन उतरलं तर काय, हे डोक्यातून जात नाय.

आईंचा गुडघा कसा हाय? कोंबड्या रात्री कोंडता ना?

सोमवारी डॉक्टरबाई रत्नाला परत बघणार हायेत. रजा टाका नि या. तुमची भीती तुमी विचारा, माझी मी विचारते.

तुमची वाट बघणारी,
शालन