तारखेला आई दिसली

मोरगिरी, ता. पाटण
३ ऑक्टोबर २०२५

चि. शंभूराज यास,
अक्काचे आशीर्वाद.

इकडे सगळे बरे आहेत. पाऊस उघडला, भात पोटरीत आलंय. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून पत्र. पोस्टमनवर तरी तुझा राग नसावा.

सोमवारच्या तारखेला मी पाटणच्या कोर्टात, ई-सेवा केंद्रात बसले होते. वाटणीचा दावा तिकडे पलूसला आणि मी इथे पडद्यासमोर. एरवी एसट्या बदलत तिकडे जायचं, नि साहेब रजेवर असले की तसंच माघारी. केंद्रातल्या बाईंनी खुर्ची सरकवून मला नीट चौकटीत बसवलं. फोटो काढायला गेल्यासारखं वाटलं.

तू मात्र उसाच्या लागणीचं निमित्त करून घरूनच. मोबाइल ओसरीत तांब्याला टेकवलेला. फेटा बांधून ऐटीत बसला होतास, आणि मागं आई शेंगा फोडत बसलीय हे तुझ्या ध्यानातच नव्हतं.

साहेबांनी तडजोडीचं विचारलं. तू म्हणालास, "अक्का हक्कसोड करायला तयार हाय, साहेब. आमच्यात भनी जमिनीत हिस्सा मागत न्हाईत."

खरं सांगते, मी तयारच होते. सही करायचं ठरवूनच घरून निघाले होते. दावा लावल्यापासून तू सांगतोयस, आई माझं तोंड बघायचं नाही म्हणते. वर्ष होत आलं, तिचा आवाज ऐकला नव्हता. ती जमीन घेऊन करायचंय काय, असं वाटायला लागलं होतं.

साहेबांनी मला विचारलं, हे खरं का? मी "साहेब" एवढंच म्हणाले आणि आईनं मान वर केली. उठून थेट मोबाइलसमोर आली.

"राजे, जेवलीस का गं? लय वाळलीस. फोन का करत न्हाईस?"

तू मोबाइल पालथा घातलास. पडदा काळा झाला, पण आवाज येत होता. "आरं, बोलू दे की मला," असं ती म्हणत होती.

साहेबांनी परत विचारलं. मी सांगितलं, दावा चालवायचा आहे.

हिश्शासाठी भांडलास त्याचं मला फारसं काही नाही, ते कोर्ट बघेल. आईच्या नावानं खोटं बोललास, त्याचा राग आला. अजून आहे.

भाऊबीजेला मी येते आहे. तुला ओवाळीनही. फक्त दार आईला उघडू दे.

तुझी अक्का आणि दाव्यातली वादी,
राजेश्वरी