माझ्या गोकर्णाचं निर्माल्य

गुरुवार, १६ एप्रिल २०२६

आज सकाळी सव्वादहा वाजता माझी गोकर्णाची फुलं गच्चीवरून नाहीशी झाली. नऊ वाजता मी स्वतः पाहिली होती. पाण्याच्या टाकीच्या सावलीत, जुन्या चादरीवर पसरलेली, वर पातळ मलमल. सव्वादहाला फुलं नाहीत, आणि चादरीची घडी! चोर नीटनेटका आहे.

चोर सापडला. तिसऱ्या मजल्यावरचे श्री. विरुपाक्ष, आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. सगळी बिल्डिंग त्यांना अण्णा म्हणते. मी म्हणत नाही.

"मीच नेली की, मॅडम. देवाची फुलं कुणीतरी पायाखाली टाकलेली. उपरण्यात बांधली, तळ्यावर नेली, निर्माल्याच्या कलशात सोडली. नमस्कार पण केला."

वर माझ्याकडे पाहून हसले. शाबासकी हवी होती बहुतेक!

"अहो, ती चहासाठी वाळत घातली होती!"

"वाळलेलीच होती की, मॅडम. म्हणून तर निर्माल्य म्हटलं."

राग आला की आधी दहा मोजा, असं कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर ॲग्नेस सांगायच्या. सातपर्यंत मोजले. मग बोलले. जिन्यात गर्दी जमली.

जानेवारीपासून रोज सकाळी कंपाउंडच्या वेलावरून एकेक फूल खुडून साठवलं होतं मी; तेच सगळं शेवटचं एकदा पसरलं होतं. एक मेला बुद्धपौर्णिमा. विहारात सगळ्यांना माझा निळा चहा, हा शब्द मी माईकवर दिलाय. आता काय पाजू? गरम पाणी?

शुक्रवार, १७ एप्रिल

नोटीस लिहिली. आधी इंग्रजीत. फार सुंदर झाली होती. मग वाटलं, समोरच्याला कळायला नको का? मराठीत उतरवली: सोमवार, संध्याकाळी पाचच्या आत लेखी खुलासा द्यावा. त्यांच्या दाराखालून सरकवली.

बुद्धप्रियाचा पुण्याहून फोन. "आई, ऑनलाइन मिळतात गं ती फुलं. मागवू का?" माझी मुलगी! विकतची फुलं मागे एकदा आणली होती. कागद उकळल्यासारखी चव.

शनिवार, १८ एप्रिल

तळमजल्यावरच्या गोजरबाई आल्या. त्यांना रोज रात्री माझा निळा चहा लागतो. त्याशिवाय झोप येत नाही म्हणतात. झोप येते कारण त्यात चहाची पूड नसते! हे मी कितीदा सांगितलं. पण नाही, तो जादूचाच.

आज बरणीच्या तळाशी उरलेल्या फुलांचा दिला. एक घोट घेऊन म्हणतात, "आवं बाई, तुमची फुलं द्येवाच्या तळ्यावर गेली, तवापासनं लई गुण आलाय की ह्याला!"

"गोजरबाई, तळ्यावर गेली ती वेगळी. ही बरणीतली."

"एकाच येलाची हायेत न्हवं?"

आता चार बायका चहा मागून गेल्या. मी बौद्ध. माझ्या घरात चमत्काराला बंदी आहे. फुलं नाहीतच; गवती चहा आणि पुदिन्याचा काढा देऊन पाठवलं. दोघींची डोकेदुखी थांबली म्हणे. कठीण आहे!

सोमवार, २० एप्रिल

पाच वाजले. खुलासा नाही. पाच वाजून गेल्यावर बेल. स्वतःच उभे, हातात पिशवी.

"लेखी मागितलं होतं मी."

"माझी शाळा कानडी, मॅडम. मराठी बोलतो धडाधड. लिहायला बसलं की पेन अडतं. म्हणून आलोच."

रेल्वेत आयुष्यभर इंजिन चालवलं या माणसाने. पेन अडतं!

पिशवीत गोकर्ण. होटगीला बहिणीच्या शेताच्या कुंपणावरून आणलेलं, वाळवलेलं. कुठे? पत्र्यावर! भर उन्हात! बेचाळीस डिग्रीत! सगळा निळा रंग उडालेला, धुऊन धुऊन विटलेल्या युनिफॉर्मसारखी फुलं.

"अहो, गोकर्ण सावलीत वाळवायचं असतं. पापड आहेत का हे?"

हसले. मोठ्याने. मला हसू आलं नाही. दार लावल्यावर आलं.

बुधवार, २२ एप्रिल

पुन्हा होटगी. या वेळी ताजी फुलं, ओल्या फडक्यात. जमतंय.

शनिवार, २५ एप्रिल

टाकीच्या सावलीत दोघं देठ काढत बसलो. हात मोठे आहेत त्यांचे, पण फूल चुरगळत नाही.

म्हणाले, "आमची ही रोज पिंडीवर गोकर्ण वाहायची. दुसऱ्या दिवशी निर्माल्य तळ्यावर न्यायचं काम माझं. ती गेली, पूजा मला काय तिच्यासारखी जमंना. त्या दिवशी गच्चीवर निळी फुलं बघितली, अन् हात आपोआप गेले बघा."

आमचे हे, रावसाहेब, गेल्यावर मीही किती महिने दोन कप मांडत होते.

मी देठ काढत राहिले. मुद्दा तरीही माझाच बरोबर आहे.

मंगळवार, २८ एप्रिल

चार फुलं उकळून पाहिली. गडद निळा! त्यांना सांगितलं नाही. डोक्यावर बसतील.

शुक्रवार, १ मे

शब्द राखला!

विहारात मोठ्या पातेल्यात गोकर्ण, गवती चहा, थोड्या वाळलेल्या गुलाबपाकळ्या. मी निळा ओतायचा, शेजारी श्री. विरुपाक्ष लिंबू पिळणार. लिंबू पडलं की जांभळा. पोरं किंचाळत होती, "जादू! जादू!" आंबट पडलं की रंग बदलतो, हे मी सविस्तर समजावलं. एकानेही ऐकलं नाही. श्री. विरुपाक्ष तर लिंबू पिळण्याआधी फुंकर मारत होते! डोळे वटारले, तर मलाच डोळा मारला. विहारात! या वयात!

गोजरबाई तीन कप प्यायल्या आणि तिथेच भिंतीला टेकून झोपल्या. आता त्यांना कोण समजावणार.

रविवार, ३ मे

संध्याकाळी जिन्यात गाठलं. आज मॅडम नाही, "शालनबाई" म्हणाले. "दोन घरांत दोन आधणं कशाला? एकाच घरात ठेवू की. कायमचं."

दहा मोजले. पूर्ण.

म्हटलं, असलं जिन्यात विचारत नाहीत. लेखी पाहिजे, सहीसकट. बुधवार, संध्याकाळी पाचच्या आत. कानडीत असलं तरी चालेल.