बेचाळीस अंगठे एकटीचे धरण्याबाबत

प्रति,
मा. उपायुक्त (तक्रार व पडताळणी),
विभागीय श्रम कार्यालय,
खोली क्रमांक नऊ, दुसरा मजला.

अर्जदार : इस्पितळाच्या धुलाईगृहातील इस्त्रीकामगार, समाजवादी पक्षाच्या धुलाईगृह शाखेची सचिव, आपल्या यादीत अनुक्रमांक एक.

विषय : मागणीपत्रावरील बेचाळीसही अंगठे अर्जदार एकटीचे असल्याचे मान्य करून उरलेल्या एक्केचाळीस जणींना सोमवारपासून कामावर घेण्याबाबत.

संदर्भ : आपले उत्तर, ज्यात 'सर्व ठसे सकृद्दर्शनी एकाच व्यक्तीचे' असे नमूद आहे.

महोदय,

१. आमच्या शाखेने आपल्याकडे अकरा मागण्या पाठवल्या होत्या. त्या वाचायला आपणास सवड झाली नसावी, कारण उत्तरात उल्लेख फक्त अंगठ्यांचा आहे. म्हणून मुख्य तेवढ्या पुन्हा लिहिते. काम दिवसाला आठ तास असावे. बाळंतपणाच्या आधी व नंतर मिळून आठ आठवडे कामावरून काढू नये. इस्त्रीखात्याला हातमोजे मिळावेत. कामगार समितीची निवडणूक मुकादमासमोर हात वर करून न घेता गुप्त मतदानाने घ्यावी. घर स्वतःच्या नावावर नाही एवढ्यासाठी नगराच्या निवडणुकीतले मत नाकारू नये. बाकीच्या सहा याहून किरकोळ आहेत. चौथी मागणी माझ्या हट्टाने घातली होती.

२. आमच्यातल्या पंधरा-सोळा जणींना सही येते. मलाही येते. तरी शाखेने ठराव केला की सर्वांनी अंगठाच द्यावा, म्हणजे अक्षर न येणाऱ्यांना खाली मान घालावी लागणार नाही. ठराव मीच मांडला होता आणि त्यावर टाळ्या पडल्या होत्या. चादरीची घडी इस्त्रीच्या तोंडापुढे अंगठ्याने दाबून धरावी लागते, आणि दोन-तीन वर्षांत अंगठ्यावरच्या रेषा पुसून जातात, हे आपणास माहीत असण्याचे कारण नाही. आम्हाला माहीत होते, पण त्या दिवशी एकीच्याही डोक्यात आले नाही. हातमोजे नाहीत म्हणून रेषा नाहीत, आणि रेषा नाहीत म्हणून हातमोज्यांची मागणी बोगस ठरली. कागदोपत्री यात कोणाचीच चूक दिसत नाही.

३. आपण यादी पडताळणीसाठी व्यवस्थापकांकडे धाडली. त्यांनी ओळख पटेपर्यंत आम्हा सर्वांना फाटकाबाहेर केले. ओळख पटवायला आम्ही आपल्या कार्यालयात आलो, तर खिडकीवरच्या कारकुनांनी पुन्हा अंगठेच घेतले. सोळा झाल्यावर ते म्हणाले, "बाई, याला ठसा म्हणायचं का? नुसते शाईचे डाग पडलेत." ते चिडले नव्हते, दमले होते. सही करून दाखवतो म्हटले, तर ठशाशी ठसाच ताडायचा असा नियम निघाला. तीन आठवड्यांत तीनदा आलो आणि तीनदा हात हलवत परत गेलो.

४. अनुक्रमांक सतरा ही माझी भावजय. तिला सातवा महिना आहे. माझा धाकटा भाऊ पाच महिन्यांपूर्वी वाफेच्या हंड्याशी भाजून गेला. आम्ही दोघी राहतो ती खोली धुलाईगृहाची आहे, आणि कामावर नसलेल्यांनी ती महिनाअखेर रिकामी करायची आहे. तिने भांडी बांधून दाराशी ठेवली आहेत. पूर्वी उठता-बसता ताई-ताई करायची. आता ताट पुढे सरकवते आणि भिंतीकडे तोंड करून बसते. मला ते सहन होत नाही.

५. गुरुवारी मुकादम फाटकावर आले आणि म्हणाले, "एकीनं लिहून द्या, सगळे अंगठे मीच उठवले म्हणून. बाकीच्यांना सोमवारी आत घेतो. साहेबांनाही हे लचांड नकोय." लिहून देणारीवर खोटा दस्तऐवज केल्याचा खटला होईल, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितले.

६. काल दुपारी फाटकाबाहेर, आमच्या खोल्यांमागच्या वाळवणाच्या अंगणात सभा झाली. माझे नाव कोणी काढले नाही. माझ्याकडे कोणी बघतही नव्हते, त्यावरून काय ते कळले. सचिवाने लिहून द्यावे काय, असा ठराव मीच मांडला, आणि मत गुप्त घ्यायचे असेही मीच सांगितले. तुटलेली बटणे आमच्याकडे ढिगाने असतात. प्रत्येकीला एक पांढरे व एक काळे दिले. पांढरे म्हणजे होय. ओल्या चादरीच्या आड जाऊन एक बटण साबणाच्या डब्यात टाकायचे आणि दुसरे खिशात घालायचे. बहुतेकींचे ते आयुष्यातले पहिले मत होते. सगळ्यांत वयस्कर बाई आत जाण्यापूर्वी हात धुऊन आल्या. मोजणी सर्वांसमोर झाली. पांढरी एकोणतीस, काळी तेरा. तेरातले एक माझे. मला तुरुंगाची भीती वाटते आणि ते लिहायला लाज वाटत नाही. भावजय आडोशातून बाहेर आली ती चपला शोधू लागली. तिने कोणते टाकले ते मला माहीत नाही. नियमाने विचारताही येत नाही.

७. वरील परिच्छेद एक ते सहा खरे असल्याने ते फाईलला लावू नयेत ही विनंती. फाईलला लावायचा तो सोबतचा कबुलीजबाब, जो खोटा आहे आणि आपल्या नमुन्यानुसार भरला आहे. हा अर्ज वाचून फाडून टाकला तरी माझी हरकत नाही. खरे काय झाले ते कोणीतरी एकदा वाचलेले असावे, एवढ्याचसाठी लिहिला.

८. चौथी मागणी मात्र मी मागे घेत नाही. हात वर करून मत घेतले असते तर एकही हात वर झाला नसता, आणि महिनाअखेर आम्ही बेचाळीसही जणी रस्त्यावर आलो असतो. मतदान योग्य रीतीने झाले. निकाल मला मान्य आहे.

तरी सोमवारी सकाळच्या भोंग्यापूर्वी फाटकावर हुकूम पोहोचावा.

आपल्या हुकमाची वाट पाहणारी,
(अंगठा)
अनुक्रमांक एक

दिनांक : एकोणीस, शनिवार

सोबत :
१) कबुलीजबाब, दोन प्रती.
२) अकरा मागण्यांचे पत्र, नवी प्रत. यावर अंगठा एकच आहे, त्यामुळे पडताळणीस अडचण येऊ नये.