आईची पेटी

तालुक्याचं गाव,
९ एप्रिल

ति. सुयुनताईस,
धाकट्या योंगशिनचा शि. सा. न. वि. वि.

छिंगमिंगला, पितरांच्या सणाला, येणं जमलं नाही. बाबांच्या थडग्यावरचं गवत तुला एकटीला काढावं लागलं, त्याबद्दल हव्या तेवढ्या शिव्या दे. फोनवर हे बोलता येत नाही. ऐकू येत नाही म्हणणारी आपली आई फोन वाजला की जवळ येऊन बसते आणि सगळं ऐकते, म्हणून कागद काढला.

एक मेपासून आपल्या तालुक्यात कुणालाही पुरायचं नाही. मेलेल्याचं दहन करायचं आणि राख नव्या स्मृतिबागेत ठेवायची. ज्या म्हाताऱ्यांनी आपापल्या शवपेट्या आधीच करून ठेवल्या आहेत, त्या सरकारजमा करायच्या. सुधारणा वाईट नाही, ताई. थडग्यांनी डोंगर भरले, लागवडीला जमीन उरली नाही. पण मी याच कचेरीतला माणूस. माझ्याच घरात पेटी राहिली तर दुसऱ्याच्या दारात कुठल्या तोंडाने उभा राहू? परवा साहेबांनी हसत हसत विचारलं की योंगशिन, तुझ्या मातोश्रींचं कुठवर आलं? ते हसू मला चांगलं कळतं.

बाबांनी स्वतः देवदार तोडून ती पेटी केली, आई दर वर्षी तिला तेल चोळते, हे मला ठाऊक नाही असं समजू नकोस. आत भाताचं बियाणं ठेवलेलं असतं, ते डब्यात काढ आणि तिला गोडीने समजाव. तुझं ती ऐकते. माझं ऐकते असं नुसतं दाखवते.

तुझी भावजय मजेत आहे, तुझ्या मुळ्याच्या लोणच्याची आठवण काढते. माझ्यावर रागाव, पण जीव कमी करू नकोस.

तुझा
योंगशिन

*

थुंगवान,
६ मे

चि. योंगशिन यास,
ताईचे उदंड आशीर्वाद.

तुझं काम झालं. साहेबांना सांग, मातोश्रींचं पार पडलं.

आईला मी गोडीने समजावलं. माणसं आली त्या सकाळी तिने अंघोळ केली, केस विंचरले, आणि स्वतःच्या हाताने शिवून ठेवलेले निळे कपडे घातले. ते कशासाठी शिवलेत हे तुला सांगायला नको. मग वर माळ्यावर जाऊन पेटीत झोपली आणि डोळे मिटले. माणसं बिचारी भली. आजी, आजी करत त्यांनी तिला अलगद उचललं आणि माझ्या खाटेवर ठेवलं. तिने जराही विरोध केला नाही. उचलणारा पोरगा मात्र खाली येऊन मला म्हणाला की मावशी, आजींना दवाखान्यात न्या, अंग फार गार लागलं.

गावातल्या सगळ्या पेट्या शाळेच्या मैदानात नेऊन यंत्राने मोडल्या. आपल्या घरातून मैदान दिसत नाही, आवाजही येत नाही. मी आईजवळ बसून शेंगा सोलत होते. एकदम ती म्हणाली की हा माझा पाय. थोड्या वेळाने म्हणाली, ही कंबर. शेवटी कपाळाला हात लावून म्हणाली, झालं. दुपारी आठव्या काकींचा मुलगा आला. त्याला विचारलं तर आपली पेटी पायाकडून मोडली होती.

त्या दिवसापासून ती हाकेला ओ देत नाही. ताटावर बसत नाही. वाडगा बाबांच्या तसबिरीपुढे ठेवून उदबत्ती लावली तरच जेवते, तेही मी पाठ फिरवल्यावर. मला अहो बाई म्हणते. काल फार आदबीने विचारलं की या घरात कुणी गेलंय का, सुतक पाळताय का?

आणि ती एकटी नाही रे. सकाळी धुकं असतानाच गावातले सगळे म्हातारे मैदानात जाऊन बसतात. ज्याची पेटी जिथे मोडली, तिथेच तो. तोंडं डोंगराकडे. एकमेकांशी बोलत नाहीत. शाळेची मुलं आता मागच्या दाराने जातात.

तू एकदा ये. तब्येत सांभाळ, आणि ताईला विसरू नकोस.

तुझी
सुयुन

*

तालुक्याचं गाव,
२१ मे

ति. ताईस,
योंगशिनचा शि. सा. न.

तुझं पत्र वाचून मी चिडलो होतो. म्हातारपणी असं होतं, औषध मिळतं, असं लांबलचक उत्तरही लिहून ठेवलं होतं. ते फाडलं.

काल आई इथे कचेरीत आली होती. मला वाटतं, सकाळच्या बसने. शेजारच्या खिडकीवरची मुलगी मला बोलवायला आली, म्हणाली की एक आजी कुटुंबपत्रिका घेऊन आल्यात आणि स्वतःचंच नाव कमी करा म्हणतात. कारण विचारलं तर मृत्यू म्हणतात. मी बाहेर गेलो. आई निळ्या कपड्यांत, दोन्ही हात मांडीवर ठेवून बाकावर बसली होती. मी आई म्हणून हाक मारली. तिने माझ्याकडे पाहिलं, ताई, आणि उठून उभी राहिली. मला साहेब म्हणाली. म्हणाली की साहेब, माझी माणसं साधी आहेत, त्यांना हे कागदाचं जमत नाही, म्हणून मीच आले. मेलेल्याचं नाव जिवंतांत राहिलं की घराला बरं नसतं.

मी नोंदीची सगळी कलमं जाणतो. कुणालाही तोंडपाठ समजावतो. काल एक आठवलं नाही. साहेब पाठीमागे उभे होते, या वेळी हसत नव्हते. त्यांचीही आई खेड्यात असते.

तिला बसमध्ये बसवून दिलं. वाटेत तिचा हात धरला होता. गार होता.

ताई, आता काय करायचं ते तू सांग. तू सांगशील ते करीन.

तुझा
योंगशिन

*

थुंगवान,
२७ मे

चि. योंगशिन यास,
आशीर्वाद.

आई सुखरूप पोचली. आल्यावर तुझ्याबद्दल एवढंच म्हणाली की तिथले साहेब सज्जन वाटले, पण त्यांच्या घरी काहीतरी दुःख असावं.

मी आठव्या काकींपाशी रडले. त्या मैदानात असतात तेव्हा बोलत नाहीत, पण चुलीपाशी अजून बोलतात. म्हणाल्या, रडतेस काय खुळे? तिला बाहेर काढून ठेवलंय आणि पुढे कुणी नेलंच नाही. दाराबाहेर थांबलेल्या माणसासारखं झालंय तिचं. तुम्ही तिचे दिवस करा.

म्हणजे पांढरे कपडे, कागदी नोटांची आहुती, सनईवाले, गावजेवण. सगळं तुमच्या कचेरीने बंद केलेलं, आणि माणूस जिवंत असताना. तुझ्या नोकरीचं काय होईल मला कळत नाही. येऊ नकोस म्हणालास तर मी एकटी करीन. पण थोरल्या मुलाने गुडघ्यावर बसायचं असतं, आणि आपल्या घरात मुलगा तू एकच.

तुझी
ताई

*

तालुक्याचं गाव,
२२ जून

ति. ताईस,
सा. न. वि. वि.

आईचे दिवस करून मी गावाहून आलो त्याच आठवड्यात बदलीचा कागद आला. स्मृतिबागेच्या फाटकावर बसतो. काम हलकं आहे, झाडं चांगली आहेत. मी निघताना साहेबांनी फक्त विचारलं की जेवली का तुझी आई त्या दिवशी?

मी जेवली म्हणालो. त्यापुढचं सांगवेना. मी रिकाम्या चटईपुढे डोकं टेकून रडत होतो, आणि ती पाहुण्यांच्या पंगतीत बसून शेजारणीला विचारत होती की हा मुलगा कुणाचा, किती मायेने रडतोय. ताई, मी खोटं रडायला बसलो होतो. मग थांबता येईना.

आता ती कशी आहे? खरं ते लिही.

तुझा
योंगशिन

*

थुंगवान,
१४ जुलै

चि. योंगशिन यास,
ताईचे अनेक आशीर्वाद.

खरं ते लिहिते. आई छान आहे. भूक लागते, हात पुन्हा उबदार झालेत, चहाची पानं निवडायला माझ्यासोबत बसते. हसते, गाते, कोंबड्यांना शिव्या देते. पण ती पाहुणी आहे. सकाळी उठून एक रात्र ठेवून घेतल्याबद्दल माझे आभार मानते. बाबांच्या तसबिरीकडे पाहून म्हणते की तुमचे यजमान देखणे होते हो. मी आधी दुरुस्त करायचे. आता होय म्हणते.

गावात त्यानंतर काय झालं ते तुझ्या कानावर आलं नसेल. आठव्या काकींनी मुलाला बोलावून घेतलं आणि विचारलं की माझे दिवस कधी करणार. मग त्यांच्या शेजारच्यांनी विचारलं. शहरातून मुलं येतात, दारं लावून पांढरे कपडे घालतात, सनई नसते, हलक्या आवाजात रडतात आणि परत जातात. कुणी कुणाची तक्रार करत नाही. मैदान आता सकाळी मोकळं असतं. शाळेची मुलं पुन्हा पुढच्या दाराने जायला लागली. घरोघर एकेक पाहुणा आहे. संध्याकाळी ते पुलावर भेटतात, एकमेकांना नावं विचारतात आणि रोज नवीन ओळख झाल्यासारखे आनंदात असतात. आम्ही लेकी-सुना दारात उभ्या राहून बघतो. आमच्या अंगावर काटा येतो, आणि त्यांना हसताना बघून बरंही वाटतं. हे दोन्ही एकदम कसं होतं, ते तुम्हा शिकलेल्यांना ठाऊक असेल.

हे लिहिताना आई शेजारी आहे. कुणाला लिहिता, असं तिने विचारलं. भावाला, म्हणाले. तो रडणारा मुलगा का, म्हणाली. मग जरा विचार करून तिने निरोप सांगितला, तो तिच्याच शब्दांत देते. त्याला लिहा की आता रडू नकोस. जिच्यासाठी रडलास ती बाई नीट पोचली, वाटेत तिला कसलाही त्रास झाला नाही.

आठवण ठेव, आणि मला लिहीत जा.

तुझी
सुयुनताई